आतून लावलेली कडी

तिसरी चिप बदलून झाली तेव्हा काकूंनी हॉट एअर गन स्टँडला लावली, काढलेली चिप गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, काल सगळी कार्डं चालली ना? मग एका रात्रीत एवढ्या चिपा मरतात होय?"

मला उत्तर सुचलं नाही. लॅपटॉपवर सकाळपासून तेच वाक्य येत होतं: टारगेट सापडत नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा एक लहानसा गाळा होता. तिथे आम्ही शेतीपंपांचे ऑटो-स्टार्टर बनवत होतो. शेतीची थ्री-फेज वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातल्या कुणाला तरी उठून, बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावं लागतं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे वडिलांच्या चपलांचा तो रात्रीचा आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे. आमचं यंत्र ते जाणं वाचवायचं. वीज आली, तिन्ही फेज आहेत, व्होल्टेज मर्यादेत आहे, एवढं बघून पंप सुरू करायचा. विहिरीतलं पाणी संपलं की बंद करायचा. पाणी संपलं की मोटरवरचा भार जातो आणि करंट उतरतो. करंट कितीवर आला की पंप बंद करायचा, हा आकडा प्रोग्राममध्ये असतो. चाळीस कार्डांच्या त्या बॅचमध्ये मी ठेवलेला आकडा तीन एचपीच्या मोटरला जास्त पडत होता. पाणी असतानाही पंप बंद व्हायचा. म्हणून सगळ्या कार्डांत नवा प्रोग्राम भरायचा होता. काम तासाभराचं. आदल्या दिवशी याच कार्डांत याच लॅपटॉपवरून, याच डिबगरने, म्हणजे लॅपटॉप आणि चिप जोडणाऱ्या यंत्राने, मी प्रोग्राम भरला होता.

आता एकही कार्ड जोडलं जात नव्हतं. केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, लॅपटॉप बदलला. डिबगर एसटी-लिंक होता. दुसरा आणून लावला. जोडणीचा वेग चार मेगाहर्ट्झवरून शंभर किलोहर्ट्झपर्यंत खाली आणला, कारण लांब तारांवर जास्त वेग टिकत नाही. कशानेच फरक पडला नाही. कार्डावर ३.३ व्होल्ट नीट होते. कार्ड आपलं कामही करत होतं: बटण दाबलं की रिले वाजायचा, डिस्प्लेवर आकडे यायचे. चिपशी बोलता मात्र येत नव्हतं.

सरांचं म्हणणं पडलं की आदल्या दिवशी काँटॅक्टर लावून टेस्टिंग केलं, तेव्हा कॉइलचा झटका मागे येऊन चिपचे डिबगचे पाय जळाले असावेत. हे पटण्यासारखं होतं. कॉइल बंद होताना उलटं व्होल्टेज मारते, हे प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. चिपचे एक-दोन पाय जाऊन बाकीची चिप चालू राहणं, हेही आम्ही पाहिलेलं होतं. मग एका कार्डावरची चिप बदलून बघायचं ठरलं. काकूंनी जुनी चिप काढली, पॅड साफ केले, नवी लावली. मी डिबगर जोडला आणि पहिल्या झटक्यात प्रोग्राम गेला. सर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" दुसऱ्या कार्डाचंही तेच झालं. तिसऱ्याचंही.

त्या दिवसातली हीच गोष्ट मी अजून विसरलेले नाही. आमचं निदान साफ चुकीचं होतं आणि उपाय लागू पडत होता. एकदा नाही, तीन वेळा. तीनदा लागू पडलेल्या उपायावर संशय घ्यायचं मला सुचलं नाही. काकूंना सुचलं, कारण त्यांच्या हातांना एका रात्रीत चाळीस चिपा मेल्याचा अनुभव नव्हता. वीस वर्षं सोल्डरिंग करणाऱ्या त्या हातांचा हिशेब माझ्या तर्कापेक्षा पक्का होता.

त्यांच्या प्रश्नाने मी थांबले आणि नुकतीच चिप बदललेलं पहिलं कार्ड पुन्हा डिबगरला लावलं. टारगेट सापडत नाही. अर्ध्या तासापूर्वी याच चिपमध्ये मी प्रोग्राम भरला होता. मधल्या काळात काँटॅक्टर लावला नव्हता, टेस्टिंग केलं नव्हतं, कार्डाला कुणी हातही लावला नव्हता.

"टारगेट सापडत नाही" हे वाक्य फसवं आहे. ते वाचलं की आपण टारगेटकडे, म्हणजे चिपकडे बघायला लागतो. डिबगरला मात्र त्यातून फक्त एवढंच म्हणायचं असतं की मी हाक मारली आणि ओ आली नाही. हाक पोचली का, ऐकणारा घरात आहे का, ऐकून गप्प बसलाय का, यातलं काही त्याला ठाऊक नसतं.

ही हाक कशी असते ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा उलगडा तिच्यातच आहे. आमच्या कार्डावर एसटीएम३२एफ१०३ जातीची चिप होती, अठ्ठेचाळीस पायांची. डिबगर तिच्याशी दोन तारांवर बोलतो: एक घड्याळाची, एक माहितीची. या पद्धतीला एसडब्ल्यूडी म्हणतात. तिच्या आधीपासूनची पद्धत जेटॅग. १९८० च्या दशकात कार्डांवरचे पाय इतके बारीक आणि दाट होऊ लागले की तपासायला सुई टेकवायची तर जागा मिळेना. तेव्हा काही कंपन्यांनी एकत्र येऊन तपासणीची वाट चिपच्या आतूनच काढायचं ठरवलं. त्या गटाचं नाव जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून जेटॅग. १९९० मध्ये त्याचं आयईईई ११४९.१ हे मानक झालं. जेटॅगला चार तारा लागतात, हवी तर पाचवी. आमच्या चिपमध्ये दोन्ही पद्धतींची सोय आहे आणि एसडब्ल्यूडीच्या दोन तारा जेटॅगच्याच दोन पायांवर बसवलेल्या आहेत: पीए १३ आणि पीए १४.

रीसेटनंतर चिप जेटॅगच्या भाषेत असते. म्हणून डिबगर आधी माहितीची तार वर धरून घड्याळाचे पन्नासहून जास्त ठोके देतो. मग सोळा बिटांचा एक ठरलेला क्रम पाठवतो, ज्याचा अर्थ 'आता एसडब्ल्यूडीत बोलू'. पुन्हा पन्नासहून जास्त ठोके. आणि मग पहिला प्रश्न: तुझा ओळख क्रमांक काय? हा प्रश्न आठ बिटांचा. उत्तर देण्याआधी चिपने तीन बिटांची पोच द्यायची असते. 'ठीक', 'थांब' आणि 'चूक' अशा तीन पोचा आहेत आणि त्या प्रत्येकीत तीनपैकी एकच बिट 'एक' असतो. तिन्ही बिट 'एक' अशी पोचच नाही. पण आमच्या कार्डावर त्या तारेला दहा किलो-ओहमचा पुल-अप होता. तारेला कुणी खाली ओढलं नाही तर ती आपोआप वर राहते. त्यामुळे कुणीच बोललं नाही की डिबगर वाचतो: एक, एक, एक. शांततेला या भाषेत असं रूप आहे.

गाळ्यात दोन चॅनेलचा जुना ऑसिलोस्कोप होता. त्याचे प्रोब मी दोन्ही तारांना लावले. घड्याळाचे चौकोनी ठोके स्वच्छ दिसत होते. आठ बिटांचा प्रश्न दिसत होता. त्यानंतर तार वर गेली आणि वरच राहिली. तीन एक. म्हणजे तारा चांगल्या, डिबगर चांगला, प्रश्न चिपच्या पायापर्यंत पोचतोय. मी सरांना पडदा दाखवला आणि आम्ही दोघंही पुन्हा त्याच निष्कर्षाला आलो की पाय जळालेत. खरा पुरावाही चुकीच्या समजुतीला किती सहज चिकटतो, हे मला त्या पडद्यासमोर उभं असताना कळलं नाही. नंतर कळलं.

काकूंनी तोवर वेगळंच काम काढलं होतं. जुन्या कुठल्यातरी ऑर्डरसाठी आम्ही या चिपचा एक अ‍ॅडॅप्टर बोर्ड केला होता: नुसती चिप बसवायची, बाजूला सगळे पाय पिनांवर आणलेले. तो त्यांच्या खणात होता. डबीतली एक चिप त्यांनी फ्लक्स लावून त्यावर बसवली, भिंगातून चारी बाजू बघितल्या आणि माझ्यासमोर ठेवली. "मेली असेल तर मेली. बघा तरी."

मी चार तारा लावल्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि बोलण्याच्या दोन. जोडणीची आज्ञा दिली. स्क्रीनवर ओळख क्रमांक आला: १बीए०१४७७.

हा क्रमांक या चिपच्या आतल्या डिबग पोर्टचा. रोज दिसतो आणि रोज नजर त्याच्यावरून पुढे जाते. त्या दिवशी मी तो दोनदा मोठ्याने वाचला. "काकू, ही जिवंत आहे." दुसरी चिप बसवली, तीही बोलली. तिसरीही. आम्ही तीन धडधाकट चिपा भाजून काढल्या होत्या.

चिप तीच, डिबगर तोच, प्रोग्रामही आत तोच होता. मग कार्डावर मुकी आणि अ‍ॅडॅप्टरवर बोलती, असं का? दोन्हींमधले फरक एका कागदावर लिहीत बसले. क्रिस्टल नाही: पण एसडब्ल्यूडीला क्रिस्टल लागत नाही, घड्याळ डिबगरच पुरवतो. रिलेची बाजू नाही. पुल-अप नाही: पण चिपच्या आत त्या पायावर स्वतःचा पुल-अप असतोच. शेवटची ओळ लिहिली आणि हात थांबला. त्या जुन्या ऑर्डरसाठी चिपमध्ये प्रोग्राम सीरियल पोर्टवरून भरायचा होता, म्हणून अ‍ॅडॅप्टरवर बूट झिरो हा पाय ३.३ व्होल्टला बांधलेला होता. कार्डावर तो ग्राउंडला होता.

बूट झिरो वर असेल आणि बूट वन खाली, तर ही चिप सुरू होताना आपला प्रोग्राम चालवत नाही. कारखान्यातच आत कोरून ठेवलेला बूटलोडर चालवते. म्हणजे अ‍ॅडॅप्टरवर माझा प्रोग्राम चालतच नव्हता, आणि तो चालत नव्हता म्हणूनच चिप बोलत होती.

आता मी प्रोग्राम उघडला. या कार्डावर आम्ही डिस्प्लेच्या दोन तारा पीबी ३ आणि पीबी ४ या पायांवर घेतल्या होत्या. रीसेटनंतर हे पाय जेटॅगच्या ताब्यात असतात. साध्या कामाला हवे असतील तर जेटॅगकडून सोडवून घ्यावे लागतात. त्यासाठी एका रजिस्टरमध्ये तीन बिट आहेत. त्यांत शून्य-एक-शून्य लिहिलं तर जेटॅग बंद होतं आणि एसडब्ल्यूडी चालू राहतं. एक-शून्य-शून्य लिहिलं तर दोन्ही बंद. मॅन्युअलच्या त्या तक्त्यात या दोन ओळी जवळजवळ आहेत. मी एक-शून्य-शून्य लिहिलं होतं.

नव्या चिपमध्ये माझा प्रोग्राम नसतो, म्हणून ती पहिल्यांदा बोलायची. प्रोग्राम आत गेला, चालू झाला की पहिल्या काही क्षणांतच पीए १३ आणि पीए १४ डिबगच्या कामातून काढून टाकायचा. पुढची हाक त्या पायांपर्यंत पोचायची, पण पायांमागे ऐकणारं कुणी उरलेलं नसायचं. चिप धडधाकट होती. कडी आतून लावलेली होती आणि ती मी लावली होती.

माझ्या टेबलावर हे आधी का दिसलं नाही? तिथे डिबगरची रीसेटची तारही जोडलेली होती आणि सॉफ्टवेअर 'रीसेटमध्ये धरून जोड' या पद्धतीवर लावलेलं होतं. चिप रीसेटमध्ये धरलेली असली तरी तिचा डिबग पोर्ट ऐकू शकतो. प्रोग्रामला मात्र एकही पाऊल टाकता येत नाही. प्रोग्राम जागा व्हायच्या आत डिबगर आत शिरलेला असायचा. विक्रीच्या कार्डावर जागा नाही म्हणून आम्ही रीसेटचा पॅड ठेवलाच नव्हता. जेटॅगचे पाय सोडवायचा बदल केला त्या दिवशी प्रोग्राम पायरीपायरीने चालवूनही बघितला नव्हता. डिस्प्ले लागला, बटणं चालली, एवढ्यावर समाधान मानलं. आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ते तीन बिट लिहिता येतात, वाचता येत नाहीत. वाचायला गेलं तर येणारा आकडा भरवशाचा नसतो. त्यामुळे आपण काय लिहून बसलो आहोत, हे चिपलाच विचारून घ्यायची सोयही नाही.

सरांना सांगायला गेले तेव्हा घसा कोरडा पडला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "सदतीस कार्डांच्या चिपा काढाव्या लागतील?"

नाही लागल्या. कार्डावर बूट झिरोचा पाय दहा किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला गेलेला होता. त्या रेझिस्टरच्या चिपकडच्या टोकाला ३.३ व्होल्टची तार टेकवून धरायची, कार्डाची वीज बंद करून चालू करायची; बूटलोडर चालू होतो, माझा प्रोग्राम झोपलेला राहतो, दार उघडं मिळतं. काकूंनी सुईएवढ्या टोकाची तार चिमट्यात धरली. त्या टेकवायच्या, मी स्विच मारायचे, क्रमांक दिसला की "आला" म्हणायचे. नवा प्रोग्राम, बरोबर बिटांचा, आत जायचा. मग तार काढायची, वीज पुन्हा बंद-चालू करायची आणि साध्या पद्धतीने जोडून बघायचं. ही शेवटची पायरी मी एकाही कार्डाला सोडली नाही. चिपा बदललेली तीन कार्डंही याच रांगेत होती. त्यांतल्या एकाचा ट्रॅक गरम हवेने उचलला गेला होता. काकूंनी केसासारखी तार टाकून तो जोडला होता, तरी ते कार्ड आम्ही विक्रीला पाठवलं नाही. शेवटचं कार्ड झालं तेव्हा बाहेरच्या चहावाल्याने शटर ओढलेलं होतं. काकूंच्या मुलाने न्यायला गाडी आणली होती आणि तो दारात उभा होता. त्या त्याला म्हणाल्या, "थांब जरा, मॅडमची चाळीस पोरं बोलायला लागली."

अनुभव माणसाला शिकवतो, तसा तो कधी आडवाही येतो. काही महिन्यांनी नव्या बॅचमधलं एकच कार्ड गप्प निघालं. या वेळी मी चिपला दोष दिला नाही. थेट बूट झिरोला तार लावली. शांतता. चिपचा रीसेटचा पाय खाली धरून जोडलं. तीच शांतता. दोन तास मी प्रोग्रामच्या दिशेनेच शोधत राहिले, कारण मागच्या वेळी चूक तिथे सापडली होती. मीटर लावून पुरवठ्याचे सगळे पाय तपासले; प्रत्येकावर ३.३ व्होल्ट.

काकूंनी कार्ड भिंगाखाली घेतलं आणि तिरपं धरलं. त्या कार्ड नेहमी तिरपं धरून बघायच्या, उजेड सोल्डरवरून घसरतो कसा ते पाहायला. "नऊ नंबर. टेकलाय, पण धरलेला नाही." अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावरच्या पायांत तो एकच पाय सोल्डरवर नुसता बसलेला होता. माझ्या मोजण्यात तो का सुटला, हे त्यांनी प्रोब हातात घेऊन दाखवलं. मी प्रोबचं टोक पायावर दाबून मोजत होते. दाबलं की पाय पॅडला टेकायचा आणि मीटर ३.३ दाखवायचा, प्रोब उचलला की तुटायचा. माझं मोजणंच तो दोष तेवढ्यापुरता दुरुस्त करत होतं.

नववा पाय व्हीडीडीए, अ‍ॅनालॉग भागाचा पुरवठा. मला वाटायचं, हा तुटला तर फार तर एडीसीचं वाचन बिघडेल. पण या चिपमध्ये रीसेटचा भाग, आतले आरसी ऑसिलेटर आणि पीएलएल हे सगळे याच पायावर पोसलेले आहेत. तिथे व्होल्टेज नाही तर चिप नीट जागीच होत नाही. काकूंनी फ्लक्सचा ठिपका ठेवला, सोल्डरिंग आयर्नचं टोक लावलं, आणि क्रमांक आला. तेव्हापासून मी पुरवठा मोजताना प्रोब हलका टेकवते आणि पाय व पॅडला जोडलेला पुढचा भाग, दोन्हीकडे वेगवेगळं मोजते.

नव्याने आलेली मुलं बहुतेक वेळा याच्याही आधीच्या पायरीवर अडकतात. बाजारात मिळणारे पेनड्राइव्हसारखे स्वस्त डिबगर कार्डाला ३.३ व्होल्ट पुरवतात. त्यांची सवय झालेली असते. वीस पिनांच्या मूळ एसटी-लिंकवर पहिली पिन व्होल्टेज देत नाही, घेते. कार्ड किती व्होल्टवर चाललंय हे ती बघते आणि त्या पातळीवर बोलते. कार्डाला वेगळी वीज दिली नाही तर स्क्रीनवर 'टारगेट व्होल्टेज ०.०' येतं. हा निरोप खरा आणि पूर्ण असतो, तरी मुलं तो ओलांडून खालच्या लाल ओळीकडे बघतात. मी त्यांना सगळ्या ओळी वरून खाली वाचायला लावते. मोठ्याने.

मग २०२१ आलं. जगभर चिपांचा तुटवडा होता. आमच्या नेहमीच्या वितरकाने पुढच्या वर्षीची तारीख दिली. जिथे मिळेल तिथून माल उचलणं सुरू झालं आणि किंमत कित्येक पट चढली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मी स्वतः फिरले. अखेर एका मध्यस्थाकडून दोनशे चिपांची रीळ आली. वरचं छापील नाव बरोबर होतं. कार्डं तयार झाली, डिबगर लावला आणि ओपनओसीडी या जोडणीच्या सॉफ्टवेअरने जोडायला नकार दिला. पण या वेळी शांतता नव्हती. पोच नीट आली होती, उत्तरही आलं होतं; फक्त क्रमांक वेगळा होता. अपेक्षित १बीए०१४७७, मिळाला २बीए०१४७७.

दुसरा क्रमांक खोटा नाही. कॉर्टेक्स-एम४ गाभ्याच्या चिपांमध्ये तो रोज दिसतो. पण वर एसटीएम३२एफ१०३ छापलेल्या, एम३ गाभ्याच्या चिपमध्ये तो असायचं कारण नाही. आत दुसऱ्याच कुणाची चिप होती. सेटिंगच्या फाइलमधला एक आकडा बदलला की ओपनओसीडी ती मुकाट्याने स्वीकारतो. मी बदलून पाहिला. प्रोग्राम गेला, कार्ड चाललं, आठ दिवस टेबलावर विनातक्रार चाललं.

सरांना ती बॅच पाठवायची होती. पैसे अडकले होते, गिऱ्हाइकं रोज फोन करत होती, आणि कार्डं चालत होती हे खरं होतं. मी पाठवायला नको म्हटलं. माझ्याकडे ती बिघडतील असा पुरावा नव्हता. एवढंच होतं की डेटाशीटमधली एकही ओळ आता या चिपला लागू आहे असं मी छातीठोक म्हणू शकत नव्हते: किती तापमानाला चालेल, फ्लॅश किती वेळा पुसता येईल, व्होल्टेज किती उतरलं तर आपणहून रीसेट होईल. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत, विहिरीच्या काठावर ते कार्ड वर्षानुवर्षं राहणार होतं. दोन दिवस आमचं बोलणं जेमतेम होतं. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "ठेव बाजूला." त्या दोनशेतल्या चिपा नंतर आम्ही शिकाऊ मुलांच्या सरावाला वापरल्या. सरांनी त्या महिन्यात किती सोसलं ते मी पाहिलं आहे, म्हणून ही गोष्ट सांगताना त्यांचा मोठेपणा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्यानंतरचं कार्ड मी नव्याने आखलं. डिबगचे पाय दुसऱ्या कुठल्याही कामाला द्यायचे नाहीत, डिस्प्लेसाठी पाय कमी पडले तर मोठी चिप घ्यायची, हे पहिल्याच पानावर लिहिलं. कार्डाच्या कडेला पाच पॅड ठेवले: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, बोलण्याचे दोन आणि रीसेट. प्रोग्राम भरायच्या जिगच्या स्प्रिंगच्या सुया एका दाबात पाचही पॅडवर बसतात. आणि प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, एकाही पायाला हात लावण्याआधी, दोन सेकंद नुसतं थांबायचं. पुढे कुणाच्या हातून माझ्यासारखी चूक झाली तरी त्या दोन सेकंदांत आत शिरता येतं. या यंत्राला ती सेकंदं महाग नाहीत. एका डीपीवरचे सगळे पंप वीज येताच एकदम सुरू होऊ नयेत म्हणून ऑटो-स्टार्टरला तसाही उशीर ठेवावाच लागतो.

काकू दोन वर्षांपूर्वी घरी बसल्या. डोळ्यांना आता ते काम झेपत नाही म्हणाल्या. त्यांचं भिंग आणि तो अ‍ॅडॅप्टर माझ्या खणात आहे. गोळ्यांची डबीही आहे. तिच्यात दोन चिपा. तिसरी अ‍ॅडॅप्टरवरच बसलेली आहे. तिच्यातला प्रोग्राम मी पुसलेला नाही.

परवा नवा मुलगा प्रोग्राम वाचत होता. "मॅडम, सुरुवातीला ही दोन सेकंदं कशासाठी आहेत? काहीच होत नाही त्यांत. काढू?"

मी खणातून अ‍ॅडॅप्टर काढून त्याच्या हातात दिला. बूट झिरोची तार सोडवली, ग्राउंडला लावली. "जोड बघू याला."

त्याने जोडला. टारगेट सापडत नाही. त्याने केबल हलवून पाहिली, यूएसबी काढून लावली, वेग कमी केला. मग चिपकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, ही गेलेली आहे."

"आता ती तार ३.३ ला लाव. वीज बंद करून चालू कर."

क्रमांक आला. तो माझ्याकडे न बघता वाकून चिपकडे बघत राहिला. मग त्याने तार पुन्हा ग्राउंडला लावली आणि जोडून पाहिलं. पुन्हा ३.३ ला लावली. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन बाहेर गेले, तरी तो तिथेच होता. स्कोपचे प्रोब शोधत.